चौथा खांदा

वालमारा ते कोर्नेता या पायवाटेला नऊशे बारा पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या हातच्या. मिरवायला सांगत नाही. उन्हाळ्यात दर दुसरा प्रवासी धापा टाकत मला विचारतो, "अजून किती?" मी त्याला नेमका आकडा सांगतो. तो हसतो, त्याला वाटतं म्हातारा थट्टा करतोय. मी एकसष्ट वर्षांचा आहे आणि पायऱ्यांच्या बाबतीत थट्टा करत नाही.

माझं नाव लिव्हिओ. मी भिंती रचतो. आमच्याकडे डोंगर सरळ समुद्रात उतरतो, त्यामुळे द्राक्षं लावायची तर आधी जमीन रचावी लागते. दगडावर दगड, मध्ये गारा नाही, सिमेंट नाही, मागे कपच्यांचा भरणा. पाऊस आला की पाणी भिंतीतून पाझरून जातं आणि भिंत जागेवर राहते. सिमेंट घातलं की पाणी मागे तुंबतं आणि एक दिवस भिंत फुटते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या, सेत्तिमिओच्या मळ्याची भिंत खचली. काम तीन आठवड्यांचं होतं. तो गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ला स्पेत्सियाला इस्पितळात पडला होता, आणि मला लेरिचीच्या एका बंगल्यावर पोहण्याच्या तलावाची भिंत ईस्टरच्या आत उभी करून द्यायची होती. बंगल्याची मालकीण दिवसातून दोनदा फोन करायची. सेत्तिमिओची भिंत मी सहा दिवसांत उरकली. दर्शनी बाजू नेहमीसारखी, दगड निवडून, सांधे चुकवून लावलेली. मागे सिमेंट ओतलं. पुढे सेत्तिमिओ काठी टेकत आला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "लिव्हिओ, लेका, ही भिंत नाही, विणकाम आहे." मी हातोडा पिशवीत टाकला.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी तीन तासांत तीन महिन्यांचा पाऊस पडला. सेत्तिमिओ चर मोकळे करायला मळ्यात गेला होता. भिंत फुटल्याचा आवाज मी खाली बंदरात ऐकला. भिंत, साठेक वेली, पायवाटेचा चाळीस मीटरचा तुकडा आणि सेत्तिमिओ, सगळं समुद्रात गेलं. पाणबुडे नऊ दिवस शोधत होते. काही मिळालं नाही. सरकारी माणसं पाहणीला येण्याआधी मी चिखलातून सिमेंटचे गोळे वेचले आणि समुद्रात लोटून दिले. अहवालात कारण लिहिलं गेलं, अतिवृष्टी. इनेस, माझी बहीण, तो अहवाल वाचून माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "निदान तुझ्या कामाला कुणी नावं ठेवली नाहीत रे." हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पायवाट आठ महिने बंद होती. दुरुस्तीचं काम मीच मागून घेतलं. या वेळी सगळं कोरडं रचलं, एकेक दगड चार-चारदा फिरवून बसवला. सात जूनला वाट उघडली आणि दुपारपर्यंत टोप्या, काठ्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन माणसांची रांग लागली.

वाट कोर्नेत्यात जिथे संपते तिथे झेलिंदाचा बार आहे. झेलिंदाच्या जिभेला हाड नाही, पण तिची नजर पक्की आहे. पहिल्याच आठवड्यात तिने मला हाक मारली.

"काय रे लिव्हिओ, पायऱ्या बांधल्यास की लोकांना प्रायश्चित्त दिलंस?"

"का, काय झालं?"

"लोक पूर्वी यायचे ते माकडांसारखे उड्या मारत, आरडाओरडा करत. आता बघ. माना खाली, पाय ओढत, मुक्याने येतात. काल तिघं आले, डेन्मार्कचे. तिघांनी माझ्यासमोर एकदम गुडघे वाकवले, एकदम ताठ झाले, आणि मग कुठे हसायला लागले. मला वाटलं कवायतच करतायत."

"ऊन आहे, झेलिंदा."

"ऊन माझ्या आजीच्या वेळेपासून आहे."

दुसऱ्या दिवशी मी फूटपट्टी घेऊन वाटेवर गेलो. पायरी उंच झाली की गुडघे बोलतात, हे साधं गणित आहे. सतरा सेंटिमीटर, सतरा, साडेसोळा, सतरा. एकही पायरी चुकलेली नव्हती. संध्याकाळी झेलिंदाला तसं सांगितलं तर तिने माझ्यापुढे कॉफी आपटली आणि म्हणाली, "मग तूच बघ."

मी बघितलं. सतरा जूनची गोष्ट, दुपारी साडेतीनच्या सुमारास. अंजिराच्या वळणाच्या वर मी एक सुटलेला दगड बसवत होतो. वरून तिघं उतरत होते. पुढे टक्कल पडलेला एक उंच माणूस, मागे दोन तरुण मुली. नंतर कळलं, तो पोर्तुगालचा निवृत्त मास्तर होता आणि मुली कोरियाच्या. ते एकमेकांना ओळखत नव्हते आणि त्यांना एकमेकांची भाषाही येत नव्हती. पण तिघांची पावलं एकत्र पडत होती. डावा, उजवा, डावा, उजवा. मास्तर वाटेच्या उजव्या कडेने चालत होता. डावीकडे भरपूर जागा होती, तरी तो तिकडे सरकत नव्हता. मागच्या मुली जोडीने, पण मध्ये हातभर अंतर ठेवून.

मग ते वळणावर आले.

लांब ओझं खांद्यावर असलं की वळण सरळ घेता येत नाही. पुढच्यांनी जागच्या जागी बारीक पावलं टाकायची आणि मागच्यांनी बाहेरून मोठा फेरा घ्यायचा. हे सांगून कळत नाही, खांदा दिला की कळतं. मास्तर थांबला आणि जागच्या जागी पावलं टाकू लागला. त्या दोन मुली, पाठीवर इवल्याशा पिशव्या, गळ्यात कॅमेरे, बाहेरून मोठा फेरा घेऊन आल्या. मग तिघं पुन्हा सरळ झाले आणि खाली उतरत गेले.

माझ्या हातातला हातोडा मी खाली ठेवला.

वालमाऱ्यात दफनभूमी नाही. सगळा खडक, खणणार कुठे? तिथला माणूस मेला की त्याला याच वाटेने खांद्यावरून कोर्नेत्यात आणायचे. अर्ध्या वाटेवर, सेत्तिमिओच्या मळ्याखाली, कमरेइतक्या उंचीची एक लांब शिळा आहे. आम्ही तिला पोझा म्हणतो, टेकण्याची जागा. शवपेटी तिच्यावर टेकवायची, घोटभर वाइन घ्यायची, आणि मग पुन्हा उचलायची. खांदेकरी चार. त्यातला पुढचा डावा कोपरा घरच्याचा. मुलगा असेल तर मुलाचा, नाही तर भावाचा, तोही नसेल तर बायकोच्या भावाचा. डोंगरात रस्ता झाला, गाडी आली, आणि ही चाल बंद पडून आता चौदा वर्षं झाली. शिळा तेवढी राहिली. दरडीतही ती हलली नाही. प्रवासी तिच्यावर बसतात, पाव खातात, समुद्राचे फोटो काढतात. तिघं आरामात मावतात.

सेत्तिमिओचा जन्म वालमाऱ्याचा. लग्नानंतर तो इनेसच्या घरी कोर्नेत्यात राहायला आला. त्याला मूल नव्हतं, भाऊ नव्हता.

मी धावत बारपर्यंत गेलो. मास्तर लिंबूपाणी पीत होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "एवढे हळू का उतरलात?"

"जड होतं ना," तो म्हणाला.

"काय जड होतं?"

त्याने आपल्या पिशवीकडे पाहिलं. आत एक टोपी आणि रिकामी बाटली होती. तो ओशाळला, हसला, आणि डावा खांदा चोळायला लागला. सदऱ्याची गळपट्टी जरा सरकली तेव्हा मला तिथला लाल पट्टा दिसला, चार बोटं रुंद, सरळ. उजव्या कोपऱ्याच्या खांदेकऱ्याला डाव्या खांद्यावर असाच वळ उठतो.

रविवारी मी इनेसकडे जेवायला जातो. ती भरलेले छोटे मासे करते आणि मला बळेच वाढते. सेत्तिमिओच्या नावाचा, शवपेटी सरकवायचा कोनाडा दफनभूमीच्या भिंतीत आठ महिने रिकामा आहे. फादरांनी दोनदा सुचवलं, निदान नाव तरी कोरू. तिने ऐकलं नाही. "पुरायला काहीतरी आलं पाहिजे," म्हणायची. "एक बूट आला तरी चालेल. नुसतं नाव मी पुरणार नाही." आठ महिन्यांत ती अर्धी झाली होती. त्या रविवारी मात्र तिच्या चेहऱ्यावर रंग होता.

"वाट उघडल्यापासून मला झोप लागते बघ," ती म्हणाली. "का कोण जाणे."

"बरं आहे की."

"तू किती राबलास त्या वाटेवर. त्याच्यासाठीच राबलास, मला काय कळत नाही?" तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तो नेहमी म्हणायचा, लिव्हिओने रचलेली भिंत म्हणजे डोळे मिटून टेकावं."

सांगून टाकावं असं वाटलं, खरंच वाटलं. पण तिच्या त्या हाताकडे बघून धीर झाला नाही. मी पाणी प्यायलो आणि खिडकीबाहेर पाहिलं. दोरीवर सेत्तिमिओचे सगळे सदरे वाळत होते.

"हे का धुतलेस?"

"कपाटात पडून घडीचे डाग पडतात," ती म्हणाली आणि ताटं उचलायला उठली.

पुढच्या आठवड्यात मी रोज दुपारी बारमध्ये जाऊन बसलो. सगळे प्रवासी तसे येत नव्हते. जोड्या नेहमीसारख्या हसत-खिदळत यायच्या. मोठे घोळके गलका करत यायचे. पण विचारल्यावर कळलं, जे तिघं पोझावर एकत्र बसले आणि एकत्र उठले, ते तसेच यायचे. पुढे एक, मागे दोन. पुढचा डावा कोपरा रिकामा. बारच्या कोपऱ्यापर्यंत यायचे, गुडघे वाकवायचे, ताठ व्हायचे, आणि स्टेशनकडे निघून जायचे. शिळेवरून उठल्यानंतरचं कोणाला काही आठवत नव्हतं.

झेलिंदाच्या बारमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर ओरेस्ते बसतो. वय चौऱ्याऐंशी. पूर्वी तो खांदेकऱ्यांचा मुकादम होता. त्याला दूरचं स्वच्छ दिसतं, जवळचं नाही. त्या गुरुवारी तिघं उतरताना दिसले आणि ओरेस्ते काठीवर भार देऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली. तिघं जाईपर्यंत ती छातीशी धरून ठेवली.

"काय झालं हो, काका?" झेलिंदा म्हणाली. "राणी आली का कुठली?"

ओरेस्तेने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तो माझ्याकडे वळला.

"कोपरा रिकामा आहे," तो म्हणाला.

"पाहिलं मी."

"उतारावर सगळं ओझं पुढच्यांवर येतं. पुढे एकटाच आहे. आणि इथून पुढे दफनभूमीचा चढ. तिघांच्याने तो चढवत नाही. म्हणून इथे टाकतात बिचारे. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पोझापासून सुरुवात."

"ओरेस्ते, तुम्हालाही ऊन लागलंय."

"असेल." तो खाली बसला. "मी चाळीस वर्षं माणसं आणली. पोझावर घरचा माणूस काय करायचा, आठवतं ना तुला?"

मला आठवत होतं. पेटी शिळेवर असताना घरच्या माणसाने लाकडाला तोंड लावायचं आणि मेलेल्याशी जे काही मिटायचं राहिलं असेल ते हळूच सांगून टाकायचं. बाकीचे तेवढ्या वेळ समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे. मग घरच्याने नाव घेऊन म्हणायचं, 'ऊठ, निघू या.' त्यानंतर कोणी काही बोलायचं नाही. तिथे बोललेलं तिथेच राहायचं. माझ्या बापाच्या पेटीला मीच तोंड लावलं होतं. अकरा जणांना खांदा दिलाय मी.

"नाही सांगितलं तर?" मी विचारलं.

"असं कोणी केलं नाही," ओरेस्ते म्हणाला. "मला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी हॉलंडची एक मुलगी पुढे होती. वीस-बावीस वर्षांची, बारीक चणीची. शेवटच्या उतारावर तिचा पाय गेला आणि ती डाव्या बाजूला कोसळली, जिकडे कोणी नव्हतं तिकडे. मनगट मोडलं. झेलिंदाने बर्फ आणला, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती रडत नव्हती. रिकाम्या जागेकडे बघत होती.

"त्या बाजूला कोणीतरी असायला हवं होतं," ती म्हणाली. एवढंच, दोनदा.

त्या रात्री मी ठरवलं. धीट होऊन ठरवलं असं नाही. माझं ओझं एका परक्या पोरीच्या मनगटावर पडलं होतं आणि मला माझीच किळस आली होती. जायचं, पोझावर जे सांगायचं ते सांगायचं, आणि मोकळं व्हायचं. ऐकायला तिथे कोण असणार आहे? परदेशी माणसं, त्यांना आपली भाषा कळत नाही. सोपं होतं.

शनिवारी दुपारी मी पोझापाशी जाऊन उभा राहिलो. महिनाभर पाऊस नव्हता. दगड तापले होते, माझ्या नव्या भिंतीतून सरडे ये-जा करत होते. खाली समुद्र इतका शांत की बोटींचे दोर पाण्यात दिसत होते. जोडपी गेली, एक शाळेची सहल गेली. तीन वाजून गेल्यावर एक जाडजूड पोलिश माणूस आला आणि शिळेवर बसला. त्याने घाम पुसला. मागून लिस्बनच्या मायलेकी आल्या, त्यांनी जागा मागितली, तो सरकला. तिघं पाणी प्यायली. आईने मला एक जर्दाळू देऊ केला. मी नको म्हणालो.

मग तिघंही एकदम गप्प झाले.

ते उठले. पोलिश माणूस शिळेच्या उजव्या पुढच्या कोपऱ्याला, मायलेकी मागच्या दोन कोपऱ्यांना. तिघांनी समुद्राकडे तोंडं केली आणि तशीच उभी राहिली. वाट बघत.

माझ्यासाठी जागा सोडलेली होती.

मी डाव्या कोपऱ्याशी गेलो. वाकलो. शिळेच्या वर, हवेत, जिथे लाकूड असायला हवं होतं तिथे तोंड नेलं. ओठांना गार लागलं. तापलेल्या उन्हात, गार आणि खारट.

'सेत्तिमिओ,' मी मनात म्हणालो, 'भिंतीच्या मागे...'

तोंड उघडलं. त्या तिघांच्या पाठी माझ्याकडे होत्या, एकालाही माझी भाषा येत नव्हती, आणि तरीही मला ते वाक्य उच्चारता आलं नाही. जीभ रेटेचना. मी किती वेळ तसा वाकून होतो कोण जाणे. शेवटी मी घाईघाईने एवढंच म्हणालो, "सेत्तिमिओ, ऊठ, निघू या."

तिघांनी उचललं. मी उचललं.

माणूस किती भरतो ते खांद्याला कळतं. सेत्तिमिओ किडकिडीत होता. हे त्याच्याहून जड होतं, आणि ते स्थिर नव्हतं. दर पायरीला आत काहीतरी पुढे यायचं, माझ्या कानाशी थडकायचं, आणि मागे जायचं. भरलेला हंडा डुचमळावा तसं.

आम्ही उतरलो. डावा, उजवा. अंजिराच्या वळणावर मी जागच्या जागी पावलं टाकली आणि मागच्या मायलेकींनी फेरा घेतला.

खालून येणारी माणसं बाजूला होऊन आम्हाला वाट देत होती. एका बाईने आपल्या मुलाच्या डोक्यावरची टोपी काढली. मग स्वतःच गोंधळून हातातल्या टोपीकडे बघत राहिली.

बारचा कोपरा आला. ओरेस्ते उभा होता. झेलिंदाही हातातला ट्रे खाली ठेवून उभी राहिली होती.

तिघांनी गुडघे वाकवले. मी वाकवले नाहीत. पुढे चढ होता, आणि घरचा माणूस मधेच टाकून जात नाही.

ती तिघं ताठ झाली. पोलिश माणूस हसला, मानेला एक झटका दिला, मायलेकींनी त्याला हात केला. तिघं स्टेशनकडे निघून गेली.

ओझं माझ्या खांद्यावर तसंच होतं.

कलंडलं नाही. मागे झुकलं नाही. उरलेले तीन कोपरे कोणीतरी धरले होते. कोणी, ते मी मागे वळून पाहिलं नाही. मागे पावलांचा आवाज होता, अनवाणी आणि ओला.

चढ चढायला लागलो. दफनभूमीच्या वाटेवरच, डाव्या हाताला, इनेसचं घर आहे. ती एरवी दाराची एकच फळी उघडते. त्या दिवशी दोन्ही उघड्या होत्या. ती उंबऱ्यात उभी होती, हातावर कोरडा पंचा आणि इस्त्री केलेला सदरा.

"वर नको नेऊस," ती म्हणाली. "आधी घरात आण. किती भिजलाय तो."

"इनेस..."

"डोकं सांभाळ. चौकट खाली आहे."

ती भिंतीला चिकटून उभी राहिली, अगदी जेवढी जागा लागते तेवढी सोडून. मी आत गेलो. टेबल मोकळं करून ठेवलेलं होतं, वर पांढरी चादर. मी वाकलो आणि खांदा हलका झाला. चादरीला मधोमध सुरकुत्या पडल्या. मग कापड हळूहळू काळपट होत गेलं, आधी मध्ये, मग कडांपर्यंत, आणि फरशीवर पहिला थेंब पडला.

मी बाहेर आलो. खरं सांगतो, पळालोच. दारापर्यंत जाताना मी दोनदा अडखळलो. इनेस माझ्या मागोमाग आली आणि तिने मला जवळ घेतलं. तिचा चेहरा फुलला होता. लग्नाच्या दिवशी होता तसा.

"देव तुझं भलं करो, लिव्हिओ," ती म्हणाली. "तू आणलंस त्याला."

"येतो मी," मी म्हणालो.

आत खुर्ची सरकली. इनेसने मान वळवली आणि ऐकलं. बराच वेळ ऐकत होती. एकदा "हो" म्हणाली, एकदा "विचारते" म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. माझ्या दंडावरचा तिचा हात तसाच होता, पण आता तो ओला होता.

"लिव्हिओ," ती म्हणाली, "तो विचारतोय, भिंतीला एवढी घाई कसली होती?"